त्रेपन्नाव्या खेळीला

ऐरोलीत, बंद पडलेल्या गिरणीच्या माळ्यावर
दर रविवारी आमची इंजिनं एकमेकांशी बुद्धिबळ खेळतात.
आम्ही नुसते बसतो.
अकरा माणसं, नऊ लॅपटॉप, एक उभा पंखा
आणि फळ्यांच्या फटींतून अजूनही वर येणारं
ज्वारीचं पीठ. कीबोर्डात जातं.
वही माझ्याकडे. सिडकोत तीस वर्षं आवक-जावक लिहिली,
नोंदीला कुणी हरकत घेत नाही.

भोईरकाकांच्या इंजिनाचं नाव टिटवी,
कारण दोघं रात्रीचे जागायचे.
रबाळ्याच्या कारखान्यातून आल्यावर
थोडं थोडं लिहिलेलं, सोळा वर्षांपूर्वी.
हळू आहे. जरा भित्रं. हत्ती फार जपतं.
इंद्रजित सपकाळचं वज्र.
तीन महिन्यांत लिहिलं म्हणाला,
आणि सगळ्यांना हरवत सुटला.

त्या दिवशीही वज्र जिंकतच होतं.
त्रेपन्नाव्या खेळीला प्यादं शेवटच्या घरात पोचलं
आणि वजीर मागायचा सोडून
त्यानं घोडा मागितला.

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
असला अवलक्षणी घोडा
आम्ही फक्त टिटवीकडे पाहिला होता:
डाव हातात आला, चाळीस खेळ्या उलटल्या, की घोडा.
काकांची चूक म्हणायचो,
त्यांना कधी बोलून दाखवली नाही.

नसरीन तांबोळीनं दोन्ही इंजिनांना रात्रभर
तेच तीनशे पट घातले.
शंभरातल्या एक्क्याण्णव खेळ्या सारख्या, म्हणाली.
परेरा म्हणाला, हाकला.
खांबेटे म्हणाले, आधी नियम करू,
मग तो मोडला का ते बघू,
आणि मसुद्यासाठी माझ्या वहीचं मधलं पान फाडून मागितलं.
दिलं नाही.
मागून कुणीतरी म्हणालं,
लोकांनी उघड्यावर ठेवलेलं वाचूनच
आपण सगळे शिकलो की.
त्यावर कुणी कुणाकडे बघितलं नाही.
माझ्या इंजिनातला पट मांडणारा भाग
फिनलंडच्या एका माणसाचा आहे.
त्याचं नाव लिहिलंय मी. खाली. बारीक अक्षरात.

इंद्रजित म्हणाला, योगायोग.
एकोणीस वर्षांचा, कान लाल झालेले.
काकांनी एवढंच विचारलं,
"तो घोडा का होतो, ठाऊक आहे तुला?"
"बग असेल. काढून टाकतो."

त्या संध्याकाळी काका दिवा गावाच्या नाक्यापर्यंत
माझ्यासोबत चालत आले. खाडीचा कुबट वास येत होता.
पोरगी नऊ वर्षांची होती, म्हणाले,
मांडीवर बसून बघायची.
दरवेळी वजीरच का, म्हणायची,
आपण जिंकतोयच ना, मग होऊ दे की त्याला घोडा.
म्हटलं, चाळीस खेळ्या जागी राहिलीस तर.
तशी अट घातली.
आता पनवेलला बँकेत आहे.
विचारलं तर आठवत नाही म्हणते.

पुढच्या रविवारी वज्रच्या प्याद्याचा वजीर झाला.
दुसऱ्या डावात वजीर.
तिसऱ्यातही.
बाकीच्या खेळ्या होत्या तशाच, नसरीननं मोजल्या.
खांबेटे म्हणाले, चूक सुधारली हा पुरावा कसा धरायचा?
परेरा उठून खिडकीत गेला.
काकांनी इंद्रजितच्या लॅपटॉपवरचं पीठ
हातरुमालानं पुसलं
आणि हळूच म्हणाले,
"ती ओळ तेवढी ठेवायची होतीस रे."

मग मतदान.
कोड दाखवेपर्यंत वज्र खेळणार नाही:
बाजूनं सहा, विरोधात तीन.
श्री. भोईर तटस्थ.
मी तारीख टाकली, सही केली.

तो उठून जाईल असं वाटलं होतं.
तो बसला होता, बोटं कीबोर्डवर,
मान खाली.
"काका, चाळीसच होतं ना तिथं?"
"चाळीस," काका म्हणाले.

हे मी वहीत घेतलं नाही.